मदत हवी आहे: कॉफीच्या डब्यातल्या जुन्या पेन्यांची किंमत कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत राहतो. शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला गेल्या. जाताना माझ्या मुलाच्या हातात कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवून गेल्या, काठोकाठ पेन्यांनी, म्हणजे अमेरिकेतल्या एका सेंटच्या नाण्यांनी भरलेला. सध्या साताऱ्याहून माझे बाबा आलेत. बाहेर बर्फ, टीव्हीचा कंटाळा, त्यामुळे डबा आपोआप त्यांच्या ताब्यात गेला. रोज दुपारी पेपर अंथरून भिंग घेऊन बसतात. मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असलेल्या, म्हणजे १९५८ पर्यंतच्या, ३१२ निघाल्या. वहीत सालवार नोंदसुद्धा आहे!

नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनातली शेवटची पेनी पाडली, तेव्हापासून 'ही पेनी असेल तर तुम्ही लखपती' छापाचे व्हिडिओ बाबांच्या फोनवर धो धो येताहेत. त्यातून तीन नाणी त्यांनी काढून बाजूला ठेवलीत. एक १९०९ ची, मागे अगदी खाली व्ही.डी.बी. अशी बारीक अक्षरं. दुसरी १९४३ ची, रंगाने तांबूस. तिसरी १९१४ ची, सालाखाली 'डी'. यांची खरी किंमत कशी कळेल? दुकानदाराकडे जाण्याआधी थोडं शहाणं होऊन जावं म्हणतो.

जाता जाता कबुली: मी ऑफिसात असताना बाबांनी अकरा पेन्या चिंच-मीठ लावून घासल्या. देवघरातल्या ताम्हनासारख्या लखलखताहेत.

प्रतिसाद

आधी बाबांच्या हातातली चिंच काढून घ्या, बाकीचं नंतर.

तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतं. घासलेली पेनी गुलाबीसर, उघडी पडल्यासारखी दिसते आणि जाणकाराला हातभर अंतरावरून कळते. प्रत ठरवून देणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला आकड्यातली प्रत देत नाहीत, 'साफ केलेलं' एवढा शेरा मारतात. मग भाव निम्म्यावर, कधी त्याहून खाली. धूळ असली तरी पुसू नका. कडेला धरा, चेहऱ्यावर बोट नको.

१९४३ च्या पेनीसाठी भिंग नको, लोहचुंबक हवा. त्या वर्षी तांबं युद्धाला लागत होतं म्हणून पेन्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पाडल्या. चुकून मागच्या वर्षीच्या तांब्याच्या चकत्या यंत्रात राहिल्या आणि मोजक्याच तांब्याच्या निघाल्या. त्यातली एक १९४७ मध्ये एका शाळकरी मुलाला जेवणाच्या सुट्ट्या पैशांत मिळाली. ती २०१९ मध्ये लिलावात २,०४,००० डॉलरला गेली. एवढा भाव म्हटल्यावर साध्या पोलादी पेनीला तांब्याचं पाणी देऊन फसवणारेही आलेच. चुंबकाला चिकटली की विषय संपला.

प्रतिसाद

वरच्यांनी १९०९ आणि १९१४ सोडून दिल्या, त्या मी घेतो.

व्ही.डी.बी. ही नाणं घडवणाऱ्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनच्या जन्मशताब्दीला त्याचा चेहरा असलेली ही पेनी आली, अक्षरं फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच काढून टाकली. पण तुमच्या नाण्यावर सालाखाली टांकसाळीचं अक्षर आहे का? 'एस' असेल तर सॅन फ्रान्सिस्कोची, त्या फक्त ४,८४,००० पाडल्या, झिजलेलीसुद्धा शेकड्यांत जाते. काहीच नसेल तर फिलाडेल्फियाची. त्या पावणेतीन कोटींच्या वर आहेत, दहा-पंधरा डॉलर धरा.

१९१४ 'डी' मात्र नीट बघा. डेन्व्हरच्या त्या साधारण १२ लाखच. झिजक्या अवस्थेतही शे-दीडशे डॉलर येतात. म्हणून लोक १९४४ 'डी'तला पहिला ४ तासून त्याचा १ करतात. पकडायचं कसं? लिंकनच्या खांद्याच्या कापलेल्या कडेवर भिंग धरा. ब्रेनरची अक्षरं १९१८ पासून तिथे परत आली. १९१४ च्या नाण्यावर ती दिसली तर नाणं बनावट. शिवाय तासलेल्या नाण्यात ९ आणि १ यांच्यात विचित्र मोठी फट राहते.

उरलेल्या तीनशेंचं फार मनावर घेऊ नका, बहुतेक पाच-दहा सेंटांच्या. तरी वहीत १९३१ 'एस' आणि १९२२ ची बिनअक्षरी (त्या वर्षी पेन्या फक्त डेन्व्हरला पाडल्या, तेव्हा 'डी' असायलाच हवा) शोधा. १९५५ च्या पेनीवर साल आणि अक्षरं जोडीने उमटलेली दिसली तर ओरडून सांगा. आणि ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, कोणीही काहीही मागतं. 'विकलेल्या' वस्तूंची गाळणी लावून बघा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार.

१९४३: फ्रिजवरच्या अष्टविनायकाच्या मॅग्नेटला टपकन चिकटली. बाबा पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "चुंबकच जास्त जोरात असेल."

१९०९: सालाखाली कोरं. मुलाने स्वतःसाठी मागून घेतली, दिली.

१९१४: खांद्यावर अक्षरं नाहीत, आकड्यांतली फटही सरळ वाटते. प्रत ठरवायला पाठवावी का? फी आणि टपालाचा खर्च निघेल का?

प्रतिसाद

आधी नाण्यांच्या दोन दुकानांत फुकट दाखवून या, तिथेच विकू नका. दोघंही अस्सल म्हणाले तर पाठवायचा विचार करा. पण एक सांगा, ही त्या चिंचेच्या अकरांतली तर नाही ना?

धागाकर्ता

त्यातलीच आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.