मदत हवी आहे: इंजिनात ॲसिटोन ओतून बसले आहे, पुढे काय करू?

मंडळी, घाईत लिहितेय. गाडी आत्ता प्लग काढलेल्या अवस्थेत सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि तिन्ही सिलिंडरमध्ये सकाळी नऊ वाजता मी ॲसिटोन ओतलंय.

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, 998 सीसी, तीन सिलिंडर, 81,000 किमी. मूळ बाबांची. रिटायर झाल्यापासून त्यांनी ती इंदिरानगर ते भाजी आणि भाजी ते इंदिरानगर एवढीच फिरवली. इंजिन नीट तापायच्या आत बंद. "रनिंग कुठे झालंय?" म्हणून ऑइल दोन-दोन वर्षं तेच.

दीड वर्षापासून ती माझ्याकडे आहे. 1000 किमीला साधारण 700 मिली ऑइल खाते, खाली मात्र एक थेंब नाही. जोरात दाबलं की मागे निळसर धूर. मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात तर पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज, इगतपुरी येईपर्यंत. अंबडच्या मेकॅनिकने प्लग काढून दाखवले. दोन बरे, तिसरा काळा आणि तेलकट. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये) 165, 160 आणि तिसऱ्यात 120. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं तर 150. म्हणजे वाल्व्ह ठीक, घोळ रिंगांचा (पिस्टनभोवतीच्या कड्या). हाफ इंजिनचे (इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलायचे) 38,000 सांगितले. वर म्हणाला, "रिंगा घासल्यात की कार्बनमध्ये चिकटल्यात, ते उघडल्यावरच कळेल."

ते "चिकटल्यात" माझ्या डोक्यात बसलं. चिकटल्या असतील तर सुटतीलही, नाही का? रविवार कारंजाकडून ॲसिटोन आणलं, त्यात तेवढंच एटीएफ मिसळलं (स्टिअरिंगचं लाल ऑइल म्हणतात ते) आणि सिरिंजने प्रत्येक सिलिंडरमध्ये 40 मिली टाकलं. आता अडचणी:

पहिल्या सिलिंडरमध्ये द्रव प्लगच्या भोकापर्यंत वर आला. तिसऱ्यातला दुपारपर्यंत गायब! दुसऱ्यात थोडा दिसतोय. गायब झालेला गेला कुठे? अजून ओतू का? आणि हे बाहेर कसं काढायचं?

बाबांचं म्हणणं तिसरंच. त्यांच्या टू-स्ट्रोक स्कूटरचा सायलेन्सर ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचे. "अगं, सोडा टाक, आरशासारखं होतं." सोड्याचं पाकीट त्यांनी आणूनही ठेवलंय.

पाना_दहा_बारा:
ताई, सगळ्यात आधी, किल्ली फिरवू नका. प्लग लावून तर अजिबातच नाही. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर आला आणि आत जागा नसली की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग 38,000 मध्येसुद्धा भागणार नाही.

पहिल्या सिलिंडरचं गणित सोपं आहे. 998 ला तीनने भागा, 333 सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असताना वरच्या मानाने किती पट जागा) दहाच्या आसपास धरला तर पिस्टन अगदी वर असताना फक्त 37 सीसी जागा उरते. तुमचा पहिला पिस्टन वर होता, तुम्ही 40 ओतलं. भोकातून दिसणारच. इंटरनेटवर "सगळे पिस्टन मध्यावर आणा" असं सांगतात ते चार सिलिंडरला जमतं. तीनमध्ये क्रँक 120 अंशावर असतो, एक वर असला की बाकीचे दोन खाली. त्या सिलिंडरचा वाल्व्ह अर्धवट उघडा असेल तर थोडं एक्झॉस्टमध्येही उतरलं असेल, ध्यानात असू द्या.

रसायनवाली:
तिसऱ्याचा निकाल इतक्यात लावू नका. ॲसिटोन 56 अंशाला उकळतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यात भोक उघडं ठेवलं तर तसंही उडून जातं. पण एटीएफ उडत नाही. टॉर्च मारून बघा, पिस्टनवर लाल तवंग आहे का? नसेल तर तो रिंगांमधून खाली उतरला. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या आणि लेव्हल बघा. आणखी एक, ही दोन फार वेळ एकजीव राहत नाहीत, थर वेगळे होतात. दर वेळी बाटली हलवून घ्या.

काकांना नमस्कार सांगा, पण ते पाकीट लपवा. स्कूटरचा सायलेन्सर लोखंडी असतो, त्याला सोडा चालतो. तुमचा पिस्टन आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन सोडतो. कार्बन राहील, पिस्टन जाईल.

आणि पार्किंग तळघरात आहे का? ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. गाडी ढकलून उघड्यावर न्या, मगच पुढचं. रंगावर सांडलं असेल तर पुसत बसू नका, आधी पाण्याचा फवारा.

धागाकर्ती:
तळघरातच आहे :( वॉचमनकाका आणि दोन पोरांनी ढकलून गेटबाहेर काढली. तिसऱ्यात लाल तवंग नाही. डिपस्टिक फुलच्या वर गेलीय आणि नेलपॉलिश काढल्यासारखा वास येतोय. म्हणजे खालीच गेलं.

पाना_दहा_बारा:
वाईट बातमी नाही ती. रिंगेपर्यंत पोचायलाच तर हवं होतं. तिसऱ्यात अजून 30 मिली टाका, भोकावर फडकं ठेवा, रात्रभर राहू द्या.

सकाळी सिरिंजला सलाइनची नळी लावून मिळेल तेवढं ओढून काढा. मग इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढा, म्हणजे पेट्रोलही नाही आणि ठिणगीही नाही. भोकांवर जुनी चादर टाका, कुणाला वाकून बघू देऊ नका आणि दोन-दोन सेकंद स्टार्टर मारा. काळं पाणी उडेल. थांबलं की ऑइल आणि फिल्टर दोन्ही काढा, कारण पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला काही कामाचं नाही. स्वस्तातलं नवीन भरा, प्लग लावा, वीस मिनिटं नुसती चालू ठेवा, तेही काढून टाका. मग चांगलं ऑइल. पहिली दहा मिनिटं धूर बघून शेजारी येतील, आधीच सांगून ठेवा. त्या धुरात रेस करत बसू नका, पुढे कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आहे, तो खराब होईल.

घाटवाला:
माझं मत वेगळं. माझी गाडी अशीच भिजवली होती, दोन महिने बरी चालली, मग परत धूर. रिंगा घासलेल्याच निघाल्या. हौस म्हणून करा, पण 38,000 बाजूला ठेवा.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी):
उशीर झाला, माफ करा. सगळं वर लिहिल्याप्रमाणे केलं. पहिल्या स्टार्टला एवढा पांढरा धूर झाला की समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींनी खिडकी उघडून अग्निशमनला फोन करू का विचारलं. चादर आता फडकी म्हणूनच वापरायच्या लायकीची उरलीय.

कॉम्प्रेशन परत मोजलं: 165, 162 आणि तिसरा 146. मेकॅनिक दोनदा गेजकडे बघत राहिला. 800 किमी झाले, 200 मिली ऑइल टाकावं लागलं. शून्य नाही, पण आधी एवढ्या अंतरात साडेपाचशे लागायचं. गेल्या रविवारी वणीला गड चढले, खिळ्यांचा आवाज नाही. जोरात दाबल्यावर धूर मात्र अजून थोडा दिसतो.

आता दुसऱ्यांदा भिजवू, की तशीच चालवू?

पाना_दहा_बारा:
तशीच चालवा. दर 5000 ला ऑइल, आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास हायवेला, इंजिन पूर्ण तापलं पाहिजे. दोन महिन्यांनी परत मोजा. 146 वर टिकला तर विसरून जा, 130 च्या खाली आला तर घाटवाला म्हणतात तेच खरं.

धागाकर्ती:
ठीक. आणि तो सोडा लपवा म्हणाला होतात तो सापडला नाही, पण शोधताना उरलेली ॲसिटोनची बाटली सापडली. बाबांनी जपून ठेवली होती, देवघराच्या खालच्या कप्प्यात, काडेपेटीला टेकून.