'कॅथर किल्ला' म्हणायचं का? (मोंसेग्यूरच्या निमित्ताने)

प्रश्न: दक्षिण फ्रान्समधल्या मोंसेग्यूरवर लेख लिहितेय. तिकडे टुरिझमवाले डोंगरावरच्या सगळ्याच किल्ल्यांना सरसकट 'कॅथर किल्ले' म्हणतात (कॅथर म्हणजे मध्ययुगातला एक ख्रिश्चन पंथ, चर्चने पाखंडी ठरवलेला). मराठीत तसंच घ्यावं का? आणि त्या पंथातल्या 'परफेक्ट' म्हणजे दीक्षा घेऊन कडक व्रतं पाळणाऱ्या लोकांना काय म्हणायचं, 'सिद्ध' चालेल?

प्रतिसाद: 'कॅथर किल्ला' म्हटलं की वाचणारा धरून चालतो की आज दिसतोय तो तट कॅथरांच्या वेळचा, आणि तिथेच घोळ होतो. 1204 च्या सुमारास रेमों द पेरेय या सरदाराने कॅथरांच्या विनंतीवरून मोंसेग्यूरची पडकी जागा पुन्हा उभी केली, 1232 पासून ते पंथाचं मुख्य ठाणं झालं. मे 1242 मध्ये तिथून गेलेल्या लोकांनी आविन्योने गावात इन्क्विझिटर (पाखंड्यांची चौकशी करणारे चर्चचे अधिकारी) मारले, आणि वर्षभराने कार्कासोनच्या सेनेशलचा (राजाच्या प्रांताधिकाऱ्याचा) वेढा पडला तो मार्च 1244 पर्यंत. 16 मार्चला धर्म सोडायला नकार देणाऱ्या दोनशेहून जास्त माणसांना पायथ्याशी जिवंत जाळलं. आजचा तट त्यानंतरचा, जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या लेव्ही घराण्याने बांधलेला! पेरपेर्त्यूझ, केरिब्यूस या तिकडच्या किल्ल्यांचंही तेच, आज दिसतं ते बरंचसं बांधकाम फ्रेंच राजाच्या सरहद्दीवरच्या ठाण्यांचं आहे. म्हणून 'कॅथरांचा आश्रय असलेला किल्ला' असं लिहा, लांब झालं तरी चालेल.

दुसरा प्रतिसाद: सहमत. फक्त 'गढी' लिहू नका, गढी म्हटलं की एका सरदाराचा वाडा वाटतो. जुन्या कागदांत 'कास्त्रुम' येतं म्हणजे तटबंदीचं गाव, 1207 मीटर उंचीच्या त्या सुळक्यावर घरं उतारावर टप्प्याटप्प्याने चिकटलेली होती, उत्खननात त्यांचे अवशेष सापडलेत. 'माची' शब्द मोह पाडतो पण नको, त्याने सह्याद्रीतला गड डोळ्यापुढे येतो. सरळ 'किल्ला आणि त्याच्या तटाला लागून असलेली वस्ती' म्हणा.

आणि 'सिद्ध' अजिबात नको. 'परफेक्ट' हा शब्द विरोधकांच्या कागदांतून आलाय, तिथे त्याचा अर्थ 'पुरता पाखंडी' असा आहे, कौतुक नाही. लोक त्यांना 'भली माणसं', 'भल्या बाया' म्हणायचे, ते स्वतःला चांगले ख्रिश्चन म्हणवायचे. ज्यांना त्या शब्दावरून जाळलं त्यांना निदान आपल्या लेखात तरी त्यांचं नाव मिळू दे.

प्रश्नकर्ती: 'भली माणसं' फार आवडलं. मग 'कॉन्सोलामेंतुम'ला, म्हणजे भली माणसं होण्याच्या त्यांच्या विधीला, 'दीक्षा' चालेल ना? शरण येताना जो पंधरवडा मिळाला त्यात किल्ल्यात अडकलेल्या काही सैनिकांनीही ती घेतली, चितेवर जावं लागणार हे माहीत असून, हा भाग मला नीट लिहायचाय.

पहिला प्रतिसाद: चालेल, पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य जोडा की मस्तकावर हात आणि ग्रंथ ठेवून देत, आणि मरणाऱ्यालाही देत. नाहीतर आपल्याकडचा गुरुमंत्र वाटेल. आणि मॉन्टसेगुर असं लिहू नका, त्यातला ट उच्चारत नाहीत.