रोज एक तास इयत्ता विसरायची का?

वाचनवेल: पाचवीतला मुलगा धडा घडाघडा म्हणतो, पण बोट दोन ओळी मागेच असतं. पान झाकलं तरी धडा थांबत नाही. मधला एखादा शब्द दाखवून ‘हा वाच’ म्हटलं की गप्प. याला वाचन म्हणायला मी तयार नाही. पुस्तक दरवर्षी बदलतं, मूल अक्षरांतच अडकलेलं राहतं.

माझं म्हणणं, रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवावी. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यांपैकी मूल जिथे असेल त्या गटात त्याला बसवावं. ‘प्रथम’ संस्थेची ही पद्धत. २०१९ चं नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह ती पडताळून पाहिली आहे.

ठाम: साफ असहमत. पाचवीतल्या मुलीला तिसरीच्या मुलांत बसवलं तर तिच्या मनाचं काय? ‘ढ’ हा शिक्का सहजासहजी पुसला जात नाही. आणि हे पर्यायी प्रयोग गरिबांच्याच वाट्याला का येतात? शिक्षक भरा, वर्ग लहान करा. सरकारची जबाबदारी संस्थांच्या गळ्यात घालू नका.

निळी शाई: पर्यायी म्हणजे दुय्यम, हे मला पटत नाही. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने १९८५ मध्ये २२ एकखोली शाळा काढल्या. शिक्षिका बहुतेक आसपासच्याच. पुढे याच शाळांत पाच वर्षांचा प्राथमिक अभ्यासक्रम चार वर्षांत होऊ लागला.

ठाम: आणि देणगी आटली की त्या मुलांनी कुठे जायचं?

बाई: मी शिकवते, म्हणून लिहिते. प्रशिक्षणात आम्हाला छान कार्डं दिली. शाळेत परतल्यावर ती कपाटात गेली, कारण वरून एकच विचारणा: धडे किती झाले? दोष कार्डांचा नव्हता. बिहार आणि उत्तराखंडमध्ये नेहमीच्या वर्गात शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा फारसं काही हललं नाही. हरियाणात २०१२-१३ मध्ये वेळापत्रकातच वेगळा तास राखला, मुलांचे पातळीनुसार गट केले, अधिकारी वर्गावर येऊन बघू लागले. तिथे भाषेत फरक दिसला. म्हणजे ठामजी म्हणतात तशी सरकारी शाळाच होती, शिक्षकही तिथलेच!

वाचनवेल: बाई, हेच मला नीट मांडता आलं नव्हतं. ठाम, शिक्क्याची भीती खरी आहे. म्हणून गट कायमचे नकोत. दर काही आठवड्यांनी प्रत्येक मुलाला जवळ बसवून पुन्हा वाचायला लावायचं आणि जमलं की त्याच दिवशी पुढच्या गटात. पण पाचवीच्या बाकावर बसून काहीच न कळणं, हा शिक्का नाही का?

ठाम: आहे. तासाला माझी हरकत मागे घेतो. शिक्षकभरतीचा मुद्दा सोडत नाही. एकच शिक्षक तीन इयत्ता सांभाळत असेल, तर चार गट कोण घेणार?

बाई: सध्या? मीच. अक्षरगट जवळ घेते, गोष्टगटातली मुलं एकमेकांना वाचून दाखवतात. मधले दोन गट रोज सुटतात.