सीबीआर २५०आर: चेन ताणून घेतली आणि आवाज वाढला

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. गाडी होंडा सीबीआर २५०आर मोटरसायकल, २०१२ ची. मुक्काम चिपळूण.

थोडं मागचं सांगतो, कारण त्याचा संबंध असेल असं वाटतंय. गाडी मूळची माझ्या आतेभावाची. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होती, टाकीच्या वर पाणी गेलं होतं. नंतर दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. भंगारवाला दारात आला त्या दिवशी मी ती मागून घेतली. घरीच, रविवार-रविवार करत उभी केली. इंजिन ऑईल तीन वेळा बदललं, कूलंट काढून रेडिएटर धुतला, टाकी आतून साफ केली, वायरिंगचा एकेक कपलर (वायरींचा जोड) उघडून वाळवला, ब्रेक ऑईल नवं भरलं, टायर दोन्ही नवे. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आई स्वयंपाक सोडून बाहेर आली होती. त्यानंतर सहा हजार किलोमीटर चालवली, तक्रार नाही.

महिन्याभरापासून कुंभार्ली घाट चढताना मागून ठोका ऐकू येतो. कट्ट... कट्ट... असा. चाकाच्या फेरीबरोबर येत नाही, त्याहून सावकाश येतो. सपाटीला कमी, चढाला जास्त. गॅरेजला दाखवली. चेन ढिली आहे म्हणाले आणि पाच मिनिटांत ताणून दिली. तेव्हापासून ठोका आहेच, वर घूंऽऽ असा आवाज सुरू झालाय आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) कव्हरखालून काळं ऑईल गळतंय.

गणपतीत कोल्हापूरला मावशीकडे जायचंय, मागे बायको आणि दोन बॅगा. घरी करण्यासारखं काम आहे का? माझ्याकडे रिंग पाने, बॉक्स पाने आणि मागचं चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड आहे. टॉर्क रेंच (नट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) नाही.

घाटवाट

मागच्या चाकातली कपलिंग रबरं (चाक आणि स्प्रॉकेटच्या मधली, धक्का खाणारी) बघितलीत का? पुरात दोन दिवस भिजलेली रबरं कडक होतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडून परत दिला की मागून धक्का बसतो का, ते आधी पाहा. स्टँडवर घेऊन मागचं स्प्रॉकेट हाताने पुढे-मागे हलवलं आणि ते चाकापासून सुटं हलत असेल, तर रबरं गेली. काही जण ट्यूबच्या पट्ट्या कापून मध्ये भरतात. घरी पोहोचण्यापुरतं ठीक आहे, पण त्याच्यावर लांबचा प्रवास करू नका.

उद्यमनगर_फिटर

भावा, तुझ्या लिहिण्यातलं एक वाक्य लाखमोलाचं आहे: "चाकाच्या फेरीबरोबर येत नाही, त्याहून सावकाश येतो." रबरं जरूर बघ, पण त्यांचा ठोका गाडी खेचताना आणि सोडताना येतो. असा मोजून-मापून येत नाही.

मी कोल्हापूरला उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये आहे, सव्वीस वर्षं झाली. माझी गाडीही हीच, २०११ ची. हिच्या मागच्या स्प्रॉकेटला ३८ दाते आणि पुढच्याला १४. चेन एक पूर्ण फेरी फिरते तेवढ्यात मागचं चाक जवळजवळ तीन फेऱ्या फिरतं. म्हणजे जो आवाज चाकाच्या तीन फेऱ्यांना एकदा येतो, तो चाकातला नाही, बेअरिंगचा नाही, ब्रेकचा नाही. तो चेनच्या एकाच जागेचा आहे. तेवढ्याच कड्या जाम झालेल्या असणार. ती जागा पुढच्या छोट्या स्प्रॉकेटवरून वळताना वाकायला तयार होत नाही आणि सुटताना आपटते.

का जाम झाल्या ते तूच सांगितलंयस. आपल्या चेनला प्रत्येक कडीत बारीक रबरी रिंगा असतात. कारखान्यात भरलेलं ग्रीस कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्या मध्ये असतं आणि या रिंगा ते आत धरून ठेवतात. पुराचं पाणी म्हणजे गाळ. दोन वर्षं गाडी एका जागी उभी, त्यात चेनचा जो भाग खाली लोंबत होता तिथे ओल सर्वांत जास्त टिकली. तिथल्या रिंगा वाळल्या, पाणी आत गेलं, पिन गंजली. बाहेरून किती ऑईल मारलंस तरी ते आत पोहोचत नाही.

आता ताणण्याबद्दल. हे नीट वाच, कारण यानेच इंजिन जातं आणि दोष मात्र इंजिनालाच लागतो.

चेन एका ठिकाणी बघून कधीही ताणायची नाही. साइड स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेनच्या खालच्या भागाच्या बरोबर मध्यावर स्टीलची मोजपट्टी उभी धर. बोटाने चेन खाली दाब, आकडा बघ. वर ढकल, आकडा बघ. दोन्हीतला फरक म्हणजे ढिलाई. आपल्या गाडीच्या पुस्तकात ती २० ते ३० मि.मी. दिलीय. मग चाक थोडं फिरव, परत मोज. असं आठ-दहा ठिकाणी. जिथे ढिलाई सर्वांत कमी भरते, तिथे २० ते ३० यायला हवी. तुझ्या गॅरेजवाल्याने बहुतेक ढिली जागा समोर असताना ताणली. मग जाम जागा वर आली की चेन तारेसारखी होते.

कपडे वाळत घालायची तार आठव. सैल तारेवर ओली चादर टाकली तर तार नुसती झोळ खाते. तीच तार कचकचून ताणलेली असेल तर तेवढ्याच चादरीने खांब आत ओढले जातात. इथे एक खांब म्हणजे मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, आणि दुसरा म्हणजे पुढचं स्प्रॉकेट जिच्यावर बसतं ती गिअरबॉक्समधून बाहेर आलेली शाफ्ट. त्यात गाडी एकटी उभी असतानाची ढिलाई आणि दोघं बसल्यावरची ढिलाई सारखी नसते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट म्हणजे बिजागरी आणि मागचा अ‍ॅक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. मागे माणूस आणि सामान असलं आणि खड्ड्यात शॉकअप दाबला गेला की गाडी त्याच रेषेकडे जाते. तेव्हा चेनमध्ये द्यायला काही उरलं नसेल तर सगळी ओढ शाफ्टच्या बेअरिंगवर आणि इंजिनातलं ऑईल अडवणाऱ्या रबरी ऑईल सीलवर जाते. सील किरकोळ खर्चाचं काम. बेअरिंग गेलं तर इंजिन खाली उतरवून फोडावं लागतं.

म्हणून तीन कामं कर आणि मला आकडे सांग. दहा ठिकाणची ढिलाई मोज. स्प्रॉकेटचं कव्हर काढून आतलं सगळं स्वच्छ पूस. शाफ्ट हाताने वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघ. वर-खाली खेळ लागता कामा नये. तोवर गाडी बाहेर काढू नकोस.

आणि स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसायची नाही. कधीच नाही. आमच्या शॉपमधल्या एका पोराने फडकं धरलं होतं. फडकं आत ओढलं गेलं, त्याबरोबर बोट. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचं.

खाडीपलीकडे

फिटरदादांचं पटलं. एक विचारतो, चेन साफ करायला पेट्रोल चालतं ना? आमच्याकडे सगळे पेट्रोलनेच धुतात.

उद्यमनगर_फिटर

नको. पेट्रोलने त्या रिंगा फुगतात आणि मऊ पडतात. तारेचा ब्रशही नको, रिंगा कापल्या जातात. रॉकेल चालतं, ते मिळणं अवघड झालंय म्हणून चेन क्लीनरचा स्प्रे घ्या. मऊ ब्रश, फडक्याने कोरडी करायची, मग ९० नंबर गिअर ऑईल. ऑईल चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूने सोडायचं म्हणजे फिरताना ते बाहेर येता येता रिंगांपर्यंत जातं. गाडी फिरवून आणल्यावर, चेन कोमट असताना. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका, नाहीतर त्यावर धूळ बसते आणि तुमच्या जांभ्याच्या लाल मातीची कानस तयार होते. मी दर पाचशे किलोमीटरला करतो, पावसात भिजली की त्याच संध्याकाळी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप चेनवर रोखू देऊ नका.

वाशिष्ठीकाठ

काका, आकडे घ्या. आज दुपारी तीन तास गेले.

दहा ठिकाणची ढिलाई मि.मी.मध्ये: ३१, ३०, २६, १७, ९, ८, १४, २४, २९, ३१. बायकोला मागे बसवून, मी पुढे बसलो आणि भावाला मोजायला लावलं. ८ वाल्या जागेवर ढिलाई शून्य. चेन हाताने हलेना.

शाफ्टला वर-खाली खेळ अजिबात नाही. आत-बाहेर किंचित सरकते.

आणि कव्हर काढलं तर आत दीड बोट जाडीचा गाळ. वर ऑईल पिऊन काळा झालेला, पण नख घालून खरवडला तर आत तोच पिवळट-करडा रंग. आमच्या तळमजल्याच्या भिंतींवर होता तो. मी गाडीचा एकूण एक कपलर उघडला होता, हे कव्हर तेवढं उघडलं नव्हतं. दोन बोल्ट फक्त. खरवडताना थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

पुसून झाल्यावर सीलच्या कडेने कोरडं दिसतंय. आता चेनचं काय करू? जाम कड्या रॉकेलमध्ये बुडवून मोकळ्या होतील का?

उद्यमनगर_फिटर

शाफ्टला खेळ नाही हे वाचून बरं वाटलं. आत-बाहेर किंचित सरकणं चालतं.

३१ आणि ८. तेवीसचा फरक. या चेनला आता दोन्हीकडून बरोबर ठेवता येणारच नाही. ८ च्या जागी २५ केलीस तर दुसरीकडे पन्नासच्या आसपास जाईल आणि चेन स्प्रॉकेटवरून उतरायची भीती. कड्या रॉकेलमध्ये मोकळ्या होतील, पण आतलं ग्रीस गेलंय, पिन गंजून खाल्लीय. आठवड्यात परत जाम होतील. चेन बदल. खात्री करून घ्यायची असेल तर काढल्यावर ताणून वीस कड्यांची लांबी मोज, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. आपल्या ५२० मापाच्या चेनला नवीन असताना ३१७.५ मि.मी. भरते. ३२०-३२१ च्या पुढे गेली की तिचं आयुष्य संपलं.

तिन्ही एकदम बदलायचं, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं. जुन्या दात्यांवर नवी चेन महिन्यात जुनी होते. जोडायची कडी रिव्हेटचीच (कायमची दाबून बसवायची) घे आणि ज्याच्याकडे रिव्हेट करायचं टूल आहे त्याच्याकडूनच दाबून घे, हातोडीने ठोकू देऊ नको. क्लिपच्या लॉकचीच कडी मिळाली तर क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला.

बसवताना चाक सरळ आहे की नाही यासाठी स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नको. पिव्हटच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोज, सारखं यायला हवं. नट आवळताना ढिलाई बदलते, म्हणून चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये फडक्याची घडी घालून चाक मागच्या दिशेने फिरव. घडी दाबली जाऊन अ‍ॅक्सल अ‍ॅडजस्टरला (चेन ताणायच्या स्क्रूला) टेकतो. तसाच धरून नट आवळ. आवळल्यावर परत मोज. टॉर्क रेंच कुणाकडून तरी माग, मागच्या अ‍ॅक्सलचा अंदाज हाताने घेऊ नये.

चाक निघालेलंच आहे तर घाटवाट म्हणतात ती रबरंही बघून घे.

वाशिष्ठीकाठ

झालं काका. उशीर झाला कळवायला, चेन किट रत्नागिरीहून यायला सहा दिवस लागले.

जुनी चेन काढून आडवी धरली तर सात कड्या कोपरासारख्या वाकलेल्या तशाच राहिल्या. बोटांनी सरळ होईनात. वीस कड्यांची लांबी चांगल्या भागात ३१९, जाम भागात ताणूनही सरळ न झाल्यामुळे मोजता आली नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला कललेले होते. रबरं घाटवाट म्हणाले तशीच कडक निघाली, चारही कडांना चिरा. तीही बदलली. टॉर्क रेंच बहादूरशेख नाक्याजवळच्या एका टायरवाल्यांनी दिला, तासाभरासाठी, पैसे घेतले नाहीत.

नवीन चेनची ढिलाई दहाही ठिकाणी २६ ते २८. दोघं बसल्यावर सर्वांत कमी १५. फडक्याच्या घडीची युक्ती पहिल्या खेपेला जमली नाही, घडी जाड झाली होती. पातळ केल्यावर लगेच बसली.

काल एकटाच कुंभार्ली चढून पोफळीच्या वरपर्यंत गेलो. हेल्मेटची काच उघडी ठेवून ऐकत होतो. ठोका नाही, घूंही नाही. घरी येऊन कव्हर परत उघडलं, सील कोरडं आहे. नवी चेन सुरुवातीला थोडी सैल होते म्हणतात, तर रविवारी पाटणपर्यंत जाऊन येतो आणि परत दहा ठिकाणी मोजून आकडे इथेच लिहितो.

उद्यमनगर_फिटर

लिही. आणि कोल्हापूरला आलास की निघण्याआधी उद्यमनगरात गाडी घेऊन ये, परतीच्या आधी एकदा दोघं मिळून मोजू.