दीर्घिकांचे आकारावरून गट पाडताना अडलोय : कडेने दिसणाऱ्या दीर्घिका कुठे टाकायच्या? मदत हवी आहे

कर्वेनगरची_मावशी

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या वाचनालयात शनिवारी आठवी-नववीच्या मुलांचा विज्ञानाचा तास घेते. मी मूळची कॉमर्सवाली, त्यामुळे जे काही येतं ते वाचून. सध्या विषय आहे दीर्घिकांचं वर्गीकरण. चित्रांच्या प्रिंट टेबलावर पसरायच्या, मुलांनी आपल्या मनाने गट पाडायचे आणि मग खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलचा तक्ता दाखवायचा (आडव्या काट्यासारखा : डावीकडे लंबवर्तुळाकार म्हणजे ‘ई’, उजवीकडे साध्या आणि दंडयुक्त सर्पिलांच्या दोन फांद्या), असा बेत होता.

सोपी चित्रं पटापट लागली. एम ५१ आणि एम १०१ सर्पिल (एम, एनजीसी ही याद्यांची नावं), एनजीसी १३०० दंडयुक्त म्हणजे मधोमध ताऱ्यांचा सरळ दांडा असलेली सर्पिल, एम ८७ लंबवर्तुळाकार, मोठा मॅगेलन मेघ अनियमित. घोळ झाला तो एम १०४ (सॉम्ब्रेरो), एनजीसी ४५६५, एनजीसी ३११५ आणि एम ८२ वर. सगळ्याच लांबट! अर्धी मुलं म्हणतात, ‘ई’च्या पुढचा आकडा चपटेपणाचा असेल तर या सरळ ई७. उरलेली म्हणतात, एम १०४ मध्ये काळा पट्टा दिसतोय, ती लंबवर्तुळाकार असूच शकत नाही. त्यात एका मुलीने विचारलं, “मावशी, एम ८७ गोल आहे, की आपल्याला गोल दिसते?” पुढच्या शनिवारी सांगते म्हणाले.

तर कडेने दिसणाऱ्यांचं शास्त्रज्ञ काय करतात? आणि तक्त्यात डावीकडून उजवीकडे जाताना दीर्घिकांचं वय वाढतं का? नुसत्या लिंका देऊ नका, त्या वाचूनच इथे आलेय.

ताम्हिणीचा_तारा

मावशी, त्या मुलीला माझ्यातर्फे एक मस्तानी पाजा. अख्ख्या विषयाची मेख तिने पकडलीय.

ई० ते ई७ हा आकडा फोटोवरून काढतात. लहान अक्षाला मोठ्या अक्षाने भागायचं, आलेलं उत्तर एकातून वजा करायचं आणि दहाने गुणायचं. पूर्ण गोल दिसली तर ०, लहान अक्ष मोठ्याच्या निम्मा असेल तर ५. म्हणजे हा आकडा आकाशावर पडलेल्या आकृतीचा झाला, दीर्घिकेच्या खऱ्या घडणीचा नव्हे. लांबुळकी दीर्घिका टोकाकडून पाहिली तर तीही ई० दिसेल. एकट्या दीर्घिकेच्या चित्रावरून हे सुटत नाही. शेकडो दीर्घिकांचे आकडे एकत्र मांडून त्यांचे खरे आकार साधारण कसे असतील ते काढतात, किंवा आतले तारे कसे फिरताहेत ते वर्णपटावरून पाहतात.

तुमच्या यादीतल्या एनजीसी ३११५ ची गंमत सांगा मुलांना. १९२६ च्या वर्गीकरणात खुद्द हबलनेच ती ई७ मध्ये टाकली होती! पुढे लक्षात आलं की तिच्यात ठसठशीत तबकडी आहे, फक्त सर्पिल हात नाहीत आणि धूळही जवळजवळ नाही. आज ती भिंगाकार म्हणजे एस० मानतात. हा गट हबलच्या १९३६ च्या तक्त्यात काट्याच्या सांध्यावर, जिथून फांद्या फुटतात तिथे आला, तोही तेव्हा निव्वळ अंदाज म्हणून. त्यामुळे ई७ म्हणणाऱ्या मुलांना अगदीच चूक म्हणू नका.

दुर्बीण_आणि_दुलई

कडेने दिसणाऱ्यांबद्दल. जेवणाचं ताट डोळ्यांच्या रेषेत आडवं धरलं की त्यावरची नक्षी दिसत नाही, तसे इथे हात दिसत नाहीत. मग बाकीच्या खुणांवर भागवावं लागतं. मधला फुगवटा तबकडीच्या मानाने केवढा आहे? धुळीचा पट्टा आहे का? सर्पिलांचे ए, बी, सी असे उपगट आहेत : फुगवटा मोठा असेल तर ‘ए’च्या बाजूची, लहान असेल तर ‘सी’च्या.

एम १०४ चा फुगवटा दांडगा आणि धुळीचं कडं स्पष्ट, म्हणून ती सहसा ‘ए’ सर्पिल धरतात. ती पूर्ण कडेने नाही, सुमारे ६ अंश कललेली आहे, म्हणून कडं असं छान दिसतं. एनजीसी ४५६५ चा फुगवटा त्याहून लहान, ती ‘बी’. तिचा फुगवटा नीट पाहा, थोडा चौकोनी वाटेल. असा चौकोनी किंवा शेंगदाण्यासारखा फुगवटा म्हणजे आत दंड आहे आणि आपण तो बाजूने पाहतोय, याची खूण. अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रांत तिचा दंड सापडलाही आहे.

एम ८२ वर मुलांना गुण कापू नका. ती कित्येक वर्षं अनियमितांत होती, २००५ मध्ये अवरक्त निरीक्षणांत तिचे सर्पिल हात दिसले. दृश्य प्रकाशात धुळीने आणि ताऱ्यांच्या जन्माच्या धुमाळीने ते झाकले गेले होते.

चतुःशृंगी_४११०१६

वयाबद्दल थोडक्यात : नाही, वाढत नाही. डावीकडच्यांना पूर्व-प्रकार आणि उजवीकडच्यांना उत्तर-प्रकार म्हणायची पद्धत अजून आहे, त्यातून हा गैरसमज पुस्तकांत शिरतो. मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांपैकी अनेक तर सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळून झाल्या असं मानतात, म्हणजे प्रवास झालाच तर उलटा.

पुण्यातलंच उदाहरण द्या की. इथल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातल्या संशोधकांना जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत अलकनंदा ही दोन रेखीव हातांची सर्पिल दीर्घिका सापडली. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची! एवढ्या लवकर इतकी सुबक तबकडी कशी तयार झाली, हा प्रश्नच आहे.

आणि मोठ्या मॅगेलन मेघाला दंड आहे, एक हातही आहे. खगोलशास्त्रज्ञ द व्होकुलर यांनी १९५९ मध्ये हबलची पद्धत वाढवली, तेव्हा अशांसाठी टोकाला वेगळी जागा केली. नववीला एवढं पुरे.

कर्वेनगरची_मावशी

बाप रे, एका रात्रीत एवढं! मनापासून आभार. मग ‘कडेने दिसणाऱ्या’ असा वेगळाच ढीग केला तर ती पळवाट होईल का?

ताम्हिणीचा_तारा

अजिबात नाही. २००७ मध्ये गॅलेक्सी झू प्रकल्पात सामान्य लोकांकडून लाखो दीर्घिकांचं वर्गीकरण करून घेतलं, तेव्हा कडेने दिसणाऱ्यांसाठी वेगळं बटण होतंच. मुलांना आधी ढीग करायला सांगूच नका, एकेका चित्राला प्रश्न विचारायला सांगा. गुळगुळीत आहे की तबकडी दिसते? तबकडी असेल तर कडेने दिसते का? नसेल तर दंड आहे? हात किती घट्ट वळलेत? एकच चित्र चौघांना स्वतंत्रपणे द्या आणि उत्तरं जुळतात का ते बघा, खरी मजा तिथे आहे.

दुर्बीण_आणि_दुलई

पुढच्या प्रिंट काढताना चित्रं उलटी करून घ्या, पांढऱ्यावर काळी. अंधुक हात आणि कडेची पुसट प्रभा त्यात जास्त उठून दिसते, खगोलवाले स्वतः तशीच बघतात. अप्पा बळवंत चौकातला झेरॉक्सवाला काळ्या पानांना जास्त पैसे लावतो, तेही वाचतील.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी खुली असते, मुलांना घेऊन जा. त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदलाही जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी प्रदर्शन असतं, पण तिथे जायचं तर बस आधी ठरवा आणि पहाटे निघा.