मदत हवी आहे: ‘नाकाड’ कुठून आलं?

परवा अमळनेरला शेतात भरीत होतं. काड्यांच्या धुराने माझं नाक वाहायला लागलं, तर आजी सगळ्यांसमोर ओरडली, “नाकाड पूस आधी तुनं!” (वय वर्षं ३४ माझं.)

‘नाक’ प्राकृतातल्या ‘णक्क’वरून आलं, हे ठाऊक आहे. पण हा ‘आड’ कुठला? तोंडाला ‘थोबाड’ म्हणतो, त्यातलाच का? की ते शेपूट वेगळं?

आमच्याकडे मोठ्या, फताड्या नाकालाच नाकाड म्हणतात. आजी मात्र रागात कुणाच्याही नाकाला म्हणते. माझं तसं बेताचंच आहे! धुळे, नंदुरबारकडे नाकाला आणखी काय म्हणतात? शिवराळ असलं तरी चालेल, वाक्यासकट सांगा.