मदत हवी आहे: अँबिशनबॉक्सवर कर्मचाऱ्यांचे वाईट रिव्ह्यू. उत्तर द्यावं की नोटीस?

हिंजवडीवासी

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या १४० जणांच्या एका सॉफ्टवेअर सर्व्हिसेस कंपनीचं एचआर माझ्याकडे आहे. अँबिशनबॉक्सवर (कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल निनावी रिव्ह्यू लिहितात ती साइट) आमचे ६० रिव्ह्यू, सरासरी पाचपैकी २.६. ग्लासडोअर या तशाच साइटवर संख्या कमी, सूर तोच. ऑफर स्वीकारलेली मुलं जॉइनिंग जवळ आलं की फोन उचलत नाहीत, आणि कन्सल्टंट म्हणतो, "रिव्ह्यू वाचले त्यांनी." बहुतेक रिव्ह्यू या धर्तीचे:

"फुल अँड फायनल (एफ अँड एफ, सोडतानाचा शेवटचा हिशोब) चार महिने अडकवलं. रिलीव्हिंग लेटरसाठी (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) मेल टाका, उत्तर नाही. शनिवारी बोलावतात, कॉम्प-ऑफ (बदली सुट्टी) फक्त कागदावर. डिलिव्हरी हेड सगळ्यांसमोर आवाज चढवतो."

एमडी साहेबांचे आदेश: लिहिणारा शोधा, वकिलाची नोटीस पाठवा, आणि आपल्या माणसांकडून याच आठवड्यात पंचवीस-तीस फाइव्ह स्टार टाकून घ्या. साहेबांना काय सांगू आणि कोणत्या क्रमाने काय करू? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

टिवल्याबावल्या

तिसऱ्या आदेशाचं आधी गणित करू. ६० गुणिले २.६ म्हणजे १५६ तारे. साध्या सरासरीने ३.५ गाठायला ३६ फाइव्ह स्टार लागतील. तीसने भागणार नाही. आणि खरेखुरे समाधानी लोक सहसा चार देतात, त्या हिशोबाने १०८ रिव्ह्यू हवेत. १४० जणांच्या कंपनीत!

शिवाय असे रिव्ह्यू दुरूनच ओळखू येतात. सगळ्यांची तारीख एकाच आठवड्यातली. "तोटे" या रकान्यात "काही नाही" किंवा "कँटीनमध्ये थोडी गर्दी". भाषा करिअर पेजवरून उचललेली. उमेदवार रिव्ह्यू तारखेप्रमाणे लावून बघतो, त्याला हा पट्टा लगेच दिसतो आणि मग जुन्या तक्रारी त्याला जास्तच खऱ्या वाटू लागतात. दबाव टाकून किंवा गिफ्ट कार्ड देऊन घेतलेले रिव्ह्यू साइटच्या नियमांतही बसत नाहीत, तेव्हा उडाले तर दाद मागायची सोय नाही. आणि "टाकलास का? स्क्रीनशॉट पाठव" हा मॅनेजरचा मेसेजच पुढच्या वन स्टार रिव्ह्यूचा मजकूर होतो.

काळा कोट

नोटिशीबद्दल. नोटीस पाठवणार कोणाला? लिहिणारा निनावी आहे. साइटला पाठवली तर ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली मध्यस्थ आहे, म्हणजे इतरांनी लिहिलेला मजकूर फक्त दाखवणारी. श्रेया सिंघल खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या निकालानंतर तिला मजकूर काढायला भाग पाडायचं तर कोर्टाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना लागते. तुमच्या वकिलाच्या लेटरहेडने ते होत नाही. लिहिणाऱ्याचं नावही कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळत नाही.

फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे पोलीस ठाण्यात एफआयआर होत नाही, मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते. सार्वजनिक हितासाठी सांगितलेलं सत्य हा त्यातला पहिलाच अपवाद. म्हणजे चार महिने पैसे खरंच अडकले असतील तर तुमच्याच पेरोलच्या नोंदी समोरच्याचा पुरावा ठरतात. दिवाणी दाव्याची मुदत छापून आल्यापासून एक वर्ष, त्यामुळे त्याहून जुने रिव्ह्यू तसेही बाहेर.

तरीही जिद्दीने लढणारे असतात. झुरू या न्यूझीलंडच्या खेळणी कंपनीच्या अर्जावर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने ग्लासडोअरला लिहिणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. पण मग त्या रिव्ह्यूंतले आरोप जगभरच्या बातम्यांत आले. साइटवर किती जणांनी वाचले असते ते?

एक मात्र आत्ताच थांबवा: "रिव्ह्यू काढ, मग एफ अँड एफ देतो." वेतन ही कायदेशीर देणी आहेत, त्यांना अशी अट लावता येत नाही. हा निरोप व्हॉट्सॲपवर गेला असेल तर तो कंपनीविरुद्धचा पुरावा आहे.

पगारपत्रक

लिहिणारा शोधण्यात एचआरने एक तासही घालवू नये. पदनाम, शहर, तारीख जुळवून काढलेला अंदाज चुकतो आणि भलत्याच माणसाचं अप्रेझल बिघडतं. रिव्ह्यूचे स्क्रीनशॉट मॅनेजरांच्या ग्रुपवर टाकणंही बंद करा, अंदाज तिथेच सुरू होतात.

त्याऐवजी साठच्या साठ रिव्ह्यू एका शीटमध्ये उतरवा. तारीख, विभाग, तक्रारीचा विषय, आणि शेवटचा रकाना महत्त्वाचा: आपल्या नोंदींत हे तपासता येतं का? एफ अँड एफ, लेटर, कॉम्प-ऑफ तपासता येतात. "राजकारण फार" तपासता येत नाही. आधी तपासता येणाऱ्यांना हात घाला.

तुमच्या नमुन्यातल्या चारपैकी दोन तक्रारी एक्झिटच्या आहेत, आणि लोक बहुतेक नोकरी सोडल्यावरच लिहितात. तेव्हा सुरुवात तिथून. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा असो वा काढून टाकलेलं असो, वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. तुमच्या ऑफर लेटरमध्ये "४५ दिवसांनी एफ अँड एफ" असं वाक्य असेल तर ते आता टिकत नाही. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत.

दोन दिवसांत जमत नाही असं अकाउंट्सवाले म्हणतील. अडतं कुठे ते बघा. नो ड्यूज (काही येणं बाकी नाही अशा प्रत्येक विभागाच्या सह्या) शेवटच्या दिवशी सुरू होतं, आयटी ॲडमिन रजेवर असतो, रिमोटवाल्याचा लॅपटॉप कुरिअरमध्ये असतो, आणि मॅनेजर "हँडओव्हर बाकी आहे" म्हणून सही अडवतो. म्हणून नो ड्यूज शेवटच्या दिवसाआधी १५ दिवस उघडा. प्रत्येक विभागाला तीन दिवस द्या, तेवढ्यात हरकत नोंदवली नाही तर सही झाली असं धरायचं. कुरिअरचं पिकअप पाच दिवस आधी लावा. रजेचा शिल्लक आकडा आणि नोटीस पीरियडची वजावट कर्मचाऱ्याला आठवडाभर आधी मेलवर दाखवा, वाद शेवटच्या दिवसाआधी मिटतो. त्या वजावटीवर काही ठिकाणी अजून जीएसटी लावतात. तो लागत नाही, सीबीआयसीचं (केंद्राचं अप्रत्यक्ष कर मंडळ) ३ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे.

रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवशी संध्याकाळी ईमेलने गेलंच पाहिजे. लॅपटॉप अडकला म्हणून लेटर अडकवायचं नाही. आणि ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटना) पोर्टलवर डेट ऑफ एक्झिट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, भरा. तुम्ही नाही भरली तर माणसाला ती स्वतः भरायला दोन महिने थांबावं लागतं, आणि तो दर आठवड्याला तुमच्या नावाने बोटं मोडतो.

हिंजवडीवासी

धन्यवाद! हे साहेबांसमोर ठेवता येईल. पण साइटवर उत्तर कधी आणि कसं द्यायचं? साहेबांनी एक मसुदा दिलाय: "आपण बेशिस्तीमुळे काढले गेलेले कर्मचारी आहात. आपले आरोप धादांत खोटे आहेत." शिवाय एका रिव्ह्यूत एका ज्युनियर टीम लीडचं नाव घेऊन शिव्या आहेत, आणि एकात "मुलींनी या टीममध्ये जाऊ नये, एचआरला सगळं माहीत आहे" असं आहे.

मुळाकाठ

साहेबांचा मसुदा ड्रॉवरमध्ये ठेवा. निनावी माणसाची ओळख जाहीर केली, त्याच्या नोकरीची माहिती चव्हाट्यावर आणली, आणि अंदाज चुकला असेल तर बदनामीचा दावा उलटा तुमच्यावर. उत्तर लिहिणाऱ्यासाठी नसतंच मुळी, ते पुढच्या उमेदवारासाठी असतं.

उत्तर द्यायचं ते दुरुस्ती सुरू झाल्यावर. आधी "सुधारणा करत आहोत" लिहिलं आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार आली, तर दोन्ही एकाखाली एक दिसतात. ग्लासडोअरचं साधं एम्प्लॉयर खातं फुकट आहे, त्यातून उत्तर देता येतं. मजकूर इंग्रजीत जाईल, सांगाडा असा:

"एफ अँड एफ आणि रिलीव्हिंग लेटरला आमच्याकडून उशीर झाला, हे नोंदी तपासल्यावर दिसलं. आता नो ड्यूज १५ दिवस आधी सुरू होतं आणि लेटर शेवटच्या दिवशी ईमेलने जातं. कोणाचं जुनं येणं राहिलं असेल तर या पत्त्यावर एम्प्लॉयी आयडी पाठवा, सात दिवसांत हिशोब मिळेल. शनिवारच्या कामाबद्दल अजून तोडगा निघालेला नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. साहेब गाळायला सांगतील, पण बाकीच्या तीन वाक्यांवर विश्वास बसतो तो त्याच्यामुळे. "आम्ही एक कुटुंब आहोत" वगैरे अजिबात नको. एकच मजकूर साठ ठिकाणी चिकटवू नका. गेल्या वर्षभरातले, तपशील असलेले आठ-दहा रिव्ह्यू निवडा. मेलचा पत्ता दिलात तर तो रोज बघणारा माणूसही नेमा.

टीम लीडचं नाव असलेला रिव्ह्यू फ्लॅग करा, म्हणजे नियमबाह्य म्हणून साइटकडे कळवा. वरिष्ठ नेतृत्वावर नाव घेऊन टीका ग्लासडोअर चालवून घेतं, खालच्या माणसांची नावं नाही. फ्लॅग करताना "हे खोटं आहे" लिहू नका, खरं-खोटं ठरवायला साइट बसत नाही. नेमकं वाक्य उद्धृत करा आणि कोणता नियम मोडला ते लिहा. क्लायंटची गोपनीय माहिती, धमकी, जातिवाचक शिवीगाळ यांनाही हेच. बाकी नुसती कडवट टीका फ्लॅग करून जात नाही.

काळा कोट

मुलींबद्दलचा रिव्ह्यू मात्र या सगळ्यातून वेगळा काढा आणि आजच लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षांच्या कानावर घाला. त्याविषयीच्या २०१३ च्या कायद्यात समितीला लेखी तक्रार लागते, निनावी रिव्ह्यू ही तक्रार होत नाही, हे खरं. पण सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि "एचआरला माहीत आहे" हे वाक्य जाहीरपणे लिहिलं गेलंय. त्या टीमच्या जुन्या एक्झिट मुलाखती काढा. समितीच्या सदस्यांची नावं आणि मेल सगळ्यांना पुन्हा पाठवा, सोबत मुदतही: घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

साइटवर उत्तरात तपशील विचारायचे नाहीत, कोणाचा उल्लेख नाही, आरोप नाकारायचाही नाही. समितीचा मेल द्या, माजी कर्मचारीही लिहू शकतात एवढं सांगा. आधीच एखादी तक्रार चालू असेल तर तिचा सूचक उल्लेखसुद्धा नको, त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे त्यातला मजकूर आणि नावं प्रसिद्ध करायला बंदी आहे.

टिवल्याबावल्या

आणि ऑफर स्वीकारून न येणाऱ्यांचा प्रश्न साइटवर सोडून देऊ नका. रिक्रूटरने ऑफरच्या फोनवर स्वतःच विषय काढावा: "आमचे रिव्ह्यू वाचले असतील. एफ अँड एफचं हे बदललंय, शनिवारचं अजून नाही. टीममधल्या कोणाशी बोलायचंय का?" मात्र बोलायला डिलिव्हरी हेड देऊ नका.

हिंजवडीवासी

तो आवाज चढवणारा तोच, आणि साहेबांचा भाचा आहे.

पगारपत्रक

मग शीटमध्ये एक रकाना वाढवा: गेल्या दोन वर्षांत कोणत्या मॅनेजरखालून किती जण गेले आणि त्यांच्या जागा भरायला कन्सल्टंटला किती फी गेली. नावापुढे रुपयांचा आकडा ठेवून शीट साहेबांच्या टेबलावर ठेवा. नात्याबद्दल एक शब्दही बोलू नका.